डब्याची वाटणी

दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं मालन आक्काच्या. मी डब्याच्या मागच्या दाराशी उभी होते, ती पुढच्या दांड्यापाशी. छपरावर दस्तगीर मुल्ला उकिडवे बसले होते. त्यांनी दोरी दुमडून मध्य काढला, खडूनं पत्र्यावर आडवी रेघ मारली आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.

"झालं समाधान?"

"रेघ माझ्याकडं चार बोटं सरकलीय," आक्का म्हणाली.

मुल्लाभाईंनी दोरी पुन्हा ताणली, पुन्हा दुमडली. रेघ तिथंच आली. आक्का थुंकली, ती माझ्या बाजूला.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होतील. आमचा आकाशपाळणा होता. कार्तिकात घर सोडायचं ते ज्येष्ठ लागेपर्यंत जत्रांमागून जत्रा करायच्या. पाळणा सुटा करून ट्रकमध्ये भरायचा आणि ट्रकच्या मागं लोखंडी दांड्यानं आमचं घर जोडायचं. त्याला आम्ही डबा म्हणायचो. माझ्या सासऱ्यांनी भंगारातून एका जुन्या बसचा सांगाडा आणला होता आणि तो मधोमध दोन चाकांवर बसवून घेतला होता. गावाबाहेर जागा मिळाली की ट्रक सोडवायचा, आणि डब्याच्या दोन्ही टोकांना खाली विटा लावायच्या. नाही लावल्या तर मागच्या दारातून कुणी आत चढलं की पुढं झोपलेला माणूस वर उचलला जायचा. सासरे असताना दोन्हीकडं तीन-तीन विटा लागायच्या. ते स्वतः वाकून बघायचे, चाकांवर भार आहे ना याची खात्री करायचे, आणि मगच आम्हा बायकांना भांडी आत न्यायला सांगायचे.

ते गेले आणि वर्षाच्या आत भाऊ फुटले. थोरले हिंदुराव, मालन आक्काचे मालक. धाकटे जालिंदर, माझे. भांडण कशावरून झालं ते सांगितलं तर हसाल. पाळण्याजवळ भोंगा लावून लोकांना बोलवायचं काम सासऱ्यांचं होतं. त्यांच्यामागं थोरल्यांनी ते घेतलं, पण त्यांचा आवाज बसका. एकदा ह्यांनी माईक हातात घेतला आणि माणसं अशी लोटली की गावात पाळणा जालिंदरचा म्हणूनच बोललं जाऊ लागलं. आक्काला ते सहन झालं नाही. ती ह्यांना भोंग्या म्हणायला लागली. मीही गप्प बसले नाही. मी म्हटलं, निदान भोंगा वाजतो तरी. त्या दिवसापासून चूल वेगळी झाली.

पाळणा काही वाटता येत नव्हता. तो दोघांनी मिळूनच चालवायचा, एकानं एका बाजूला उभं राहून. ते दिवसभर समोरासमोर राबायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. "थांबव" म्हणायचं झालं तर पाळण्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, "दादा, आता थांबणार बरं का." राहिला डबा. तो वाटायला मुल्लाभाईंना बोलावलं. त्यांचा मौत का कुआँचा, लाकडी विहिरीच्या भिंतीवर मोटारसायकल फिरवायचा खेळ असायचा. आमच्याच जत्रा ते करायचे, आणि सासऱ्यांचे मित्र होते. पुढचा अर्धा थोरल्यांना, मागचा अर्धा आम्हाला. रेघेखाली प्लायवूडचा आडोसा ठोकला. बसला पुढं एक दार असतंच, मागं एक असतं. त्यामुळं दारावरून तंटा झाला नाही. वर चढायची शिडी आक्काकडं गेली, डांबराचा डबा माझ्याकडं आला. विटा अर्ध्या-अर्ध्या. विटा सरकवायला डबा उचलावा लागायचा, त्यासाठी एकच जॅक होता. तो मुल्लाभाईंच्या ताब्यात राहील असं ठरलं. ज्याला लागेल त्यानं त्यांच्याकडून न्यायचा.

माझी वैजू तेव्हा तीन महिन्यांची होती. ती त्या डब्यातच जन्मली, मार्गशीर्षात, एका जत्रेच्या आदल्या दिवशी. खरं सांगायचं तर तिला पहिले चाळीस दिवस न्हाऊ-माखू घातलं ते मालन आक्कानंच. तिचे दोन्ही मुलगे गावी शाळेत होते. वैजूला पायावर घेतली की ती तासभर खाली ठेवायची नाही. वाटणीनंतर तिनं आमच्या दारात पाऊल टाकलं नाही.

चैत्रात पहिला वळीव झाला आणि डबा गळायला लागला. आडोशाच्या अगदी लगत, दोन्हीकडं. छपराचे दोन मोठे पत्रे तिथं एकावर एक येत होते, तिथला सांधा सुटला होता. आमच्यात झोपायची एकच पक्की फळी होती, ती नेमकी आडोशाला टेकून. तिच्यावर मी नि वैजू.

दुसऱ्या दिवशी हे छपरावर चढले. शिडी मागायची नाही म्हणून खिडकीत पाय देऊन चढले. डांबर कढवून, त्यात गोणपाटाच्या पट्ट्या बुडवून त्यांनी आमच्या अर्ध्या छपराला लावल्या आणि खडूच्या रेघेच्या अलीकडं चार बोटं थांबले. मी खालून विचारलं, सांध्यावर का लावत नाही? म्हणाले, पलीकडचं छप्पर बुजवायला मी काय त्यांचा गडी आहे? संध्याकाळी थोरले शिडी लावून चढले. त्यांनी कुठूनसं डांबर आणलं होतं. त्यांच्या अर्ध्याला लावत आले आणि तेही रेघेच्या पलीकडं चार बोटं थांबले. मधली वीतभर पट्टी तशीच उघडी राहिली. वरून बघितलं असतं तर काळ्या केसांत भांग पाडल्यासारखी दिसली असती.

पुढच्या गावी पाऊस झाला तेव्हा आक्काकडं थेंब नव्हता आणि आमच्याकडं धार. सकाळी मी खाली वाकून बघितलं तर पुढच्या टोकाखाली तीनऐवजी चार विटा होत्या. पुढची बाजू वर, म्हणून पाणी मागं. मी हे ह्यांना सांगितलं. त्यांनी मुल्लाभाईंकडून जॅक आणला आणि आमच्याकडं पाच केल्या.

"पाणी उताराला जातं, आक्का," मी आडोशातून ऐकवलं. "माणसाच्या मनासारखंच."

"तुझ्या बापानं शिकवलं का गं?" ती पलीकडून म्हणाली. "त्याला घरात छप्पर असलं तर ना."

त्यानंतरच्या गावी त्यांच्या सहा झाल्या. आमच्याही सहा. मग सात. विटा आणायला मी स्वतः जायची, पडक्या भिंती बघून. ओटीत वैजू आणि डोक्यावर विटा. प्रत्येक विटेनं मला असं वाटायचं की आता जिंकले. दारातली पायरी पुरेना, म्हणून तिच्याखाली दगड टाकला.

आणि डबा मात्र दोन्हीकडं गळतच होता, आधीपेक्षा जास्त.

वैजूला खोकला लागला. आधी साधा, मग छाती भरली. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा. आम्ही खानापूर भागातल्या एका गावी भैरोबाच्या जत्रेला पोचलो होतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि माझा पदर हातात घेऊन पिळला. बाई, हा ओला आहे, म्हणाले. औषध दिलं, सुया दिल्या. मग म्हणाले की औषधानं निम्मं होईल; निम्मं कोरड्या जागेनं होईल. आणखी एकदा पोर ओल्यात झोपली तर माझ्याकडं आणू नका, सरळ मिरजेला न्या, आणि वाटेत काय होईल ते मी सांगत नाही.

परत आले तेव्हा दुपार होती. पश्चिमेला ढग चढत होते. जत्रेतल्या लोकांना ते ढग कळतात. हे आणि थोरले पाळण्याच्या बैठका उतरवायला गेले होते. वाऱ्यात बैठका तशाच ठेवल्या तर पाळणा आडवा होतो. मी वैजूला घेऊन डब्याभोवती वेड्यासारखी फिरत होते, तिला ठेवायचं कुठं म्हणून. जत्रेच्या माळावर आडोसा म्हणून नव्हता. देवळात माणूस मावत नव्हतं. मी मुल्लाभाईंकडं गेले आणि म्हटलं, जॅक द्या, मला आणखी दोन विटा चढवायच्या आहेत.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग जॅक न देता स्वतःच घेऊन निघाले. डब्यापाशी आल्यावर त्यांनी खाली बसून चाकाखाली हात घातला. अख्खा तळहात चाक आणि जमीन यांच्यामधून आरपार गेला.

"हौसाबाई, इकडं या. मालनबाई, तुम्ही पण."

आक्का दारातून उतरली. माझ्यापासून लांब उभी राहिली.

मुल्लाभाईंनी पुन्हा दोरी काढली. तीच, वाटणीची. एक टोक तिला दिलं, एक मला. छपराच्या कडेला धरायला लावली आणि ताणायला सांगितलं. दोरी सरळ होती. डबा सरळ नव्हता. मध्ये, रेघेपाशी, दोरी आणि छप्पर यांच्यात चार बोटं अंतर होतं. सगळा डबा मधोमध खाली वाकला होता, जुन्या खाटेसारखा.

मुल्लाभाई सांगत गेले. ओझं चाकांनी धरायचं असतं. विटा फक्त हलू नये म्हणून. तुम्ही दोघींनी दोन टोकं उचलून धरलीत. मध्ये आधार काहीच नाही, चाकं हवेत लोंबतायत. सांधा सुटला होता केसाएवढा. तुमच्या विटांनी त्याचं तोंड उघडलं. छपरावरचं पाणी आता मध्ये साचतं आणि तिथूनच आत येतं. डांबराची बादली ओतलीत तरी थांबणार नाही.

"मग?" मी विचारलं.

"चार-चार विटा काढा. दोन्हीकडच्या. डबा चाकांवर बसला की सांधा मिटेल. पण काढायच्या तर दोघींनी. एकीनंच काढल्या तर सांधा निम्माच मिटेल, आणि सगळा उतार तिच्या बाजूला जाईल."

आकाश काळं होत आलं होतं. जॅक एकच होता.

"आधी कुणाच्या काढू?" मुल्लाभाईंनी विचारलं.

मी आक्काकडं बघितलं. आक्कानं माझ्याकडं. मला तिचा चेहरा दिसत होता आणि तिच्या मनात काय आहे ते मला स्वच्छ कळत होतं, कारण तेच माझ्या मनात होतं. तिनं आधी काढल्या आणि मी काढल्या नाहीत तर? मुल्लाभाई जॅक हातात धरून उभे राहिले. "अल्लानं तुम्हाला एकाच घरात का दिलं," असं काहीसं पुटपुटले. तेवढ्यात वैजूला ढास लागली. ती माझ्या खांद्यावर निळी पडेपर्यंत खोकली आणि मग श्वास घेताना तिचा तो आवाज झाला, कोरड्या विहिरीत बादली आपटावी तसा.

"माझ्या काढा," आक्का म्हणाली.

मुल्लाभाईंनी पुढच्या टोकाला जॅक लावला. एकेक वीट आक्कानं स्वतः ओढून काढली आणि बाजूला रचली. चार झाल्यावर पुढचं टोक खाली बसलं, चाकं भुईला टेकली. ते मागं माझ्या टोकाकडं आले, जॅक खाली ठेवला, आणि वाऱ्याचा पहिला झोत आला. त्यांच्या कुआँवरचं कापड फाटून फडफडायला लागलं आणि तिकडून त्यांची माणसं हाका मारायला लागली. त्यांनी जॅकची दांडी माझ्या हातात दिली.

"तुम्हाला येतं. आधी जरा उचला, वीट ओढा, मग उतरवा. चारच काढायच्यात."

ते पळाले. आक्का पुढच्या दारात चढली होती. तिथून मान बाहेर काढून म्हणाली, "हौसे, तुझ्या काढ आता. बिगी कर."

"काढते," मी म्हटलं.

मी वैजूला आत फळीवर ठेवलं आणि खाली आले. जॅक लावला. दांडी दोन वेळा फिरवली. थेंब सुरू झाले, मोठे, रुपयाएवढे. मी वर बघितलं. छपरावरचं पाणी मागं येत नव्हतं. सगळं पुढं पळत होतं, पुढच्या कडेवरून दांड्यावर पडत होतं. मी दारातून डोकावले. फळीच्या वर, जिथून रोज धार लागायची, तिथं पत्रा कोरडा होता. मी उभी राहून दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. थेंब आला नाही. वैजू डोळे उघडे ठेवून त्या कोरड्या पत्र्याकडं बघत होती.

मी दांडी उलटी फिरवून जॅक काढला आणि पायरीच्या दगडामागं सरकवला. आत आले आणि दार लावून घेतलं.

पाऊस दिवेलागणीपर्यंत पडला. आडोशाच्या पलीकडं पाणी पडायला लागलेलं मला ऐकू येत होतं. आधी कापडावर पडल्यासारखा आवाज, मग परातीत, मग घागरीत. आक्का भांडी बदलत होती. गोधड्या ओढल्याचा आवाज आला. ज्वारीचं पोतं फरफटत नेल्याचा आवाज आला. मी वैजूला छातीशी धरून बसले होते.

"हौसे," ती पलीकडून म्हणाली, "काढल्यास का गं विटा?"

"काढल्या."

"मग हे कसं? माझ्याकडं सगळं वतलंय."

मी वैजूभोवती गोधडी घट्ट केली.

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. या वेळी विटांचं नव्हतं. "पोरीखाली कोरडं हाय का?"

"हाय."

"मग राहू दे," आक्का म्हणाली, आणि पुन्हा भांडी हलवायला लागली.

हे अंधार पडता पडता भिजून आले. पायरीवर पाय देताना ते थांबले, खाली वाकून विटा बघितल्या आणि वर माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली. ते आत आले. अंग पुसून वैजूच्या पायथ्याशी बसले आणि तिचे तळवे चोळायला लागले. त्या रात्री ती सलग झोपली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

सकाळी उन्हं आली. पलीकडं गोधड्या पिळल्याचा आवाज येत होता. थोरले काहीतरी म्हणाले. मग डब्याच्या कडेनं पावलं आली आणि मागच्या टोकापाशी थांबली. मी आत बसून वाट बघत राहिले. मला वाटलं, ती ओरडेल. सगळी जत्रा गोळा करेल. माझ्याकडं उत्तर तयार होतं. तू असतीस तर काय केलं असतंस, असं मी विचारणार होते.

दार उघडलं. वाटणीनंतर पहिल्यांदाच ती आमच्यात चढली. लुगडं अजून ओलं होतं. माझ्याकडं न बघता तिनं वैजूला उचललं, तिच्या छातीला कान लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिली. वैजूनं तिचं नाक धरलं. आक्कानं तिची बोटं हळूच सोडवली आणि तिला फळीवर ठेवलं.

"मोकळी झालीय," ती म्हणाली. "मी पोरीसाठी काढल्या होत्या. पोरगी बरी हाय. आता तुझ्याशी बोलायचं काही उरलं न्हाई."

ती उतरून गेली.

ज्येष्ठात आम्ही पाळण्यातला आमचा वाटा सोडला आणि विट्याला पत्र्याच्या दोन खोल्या घेऊन राहिलो. हे सायकली दुरुस्त करायला लागले. भोंगा नव्हता, जत्रा नव्हती, पण घर जमिनीवर होतं. डब्याचा आमचा अर्धाही थोरल्यांनाच दिला. त्यांनी सांध्यावर एकसंध पत्रा ठोकला आणि पुढं कितीतरी वर्षं तो डबा गळला नाही, असं मुल्लाभाईंकडून कळलं.

वैजूच्या लग्नाला आक्का आली. पत्रिका द्यायला मी ह्यांना पाठवलं होतं, मला धीर झाला नव्हता. आदल्या दिवशीच आली आणि हळद तिनंच लावली. वैजूच्या गळ्याला, हातांना, पायांना, कुठं कोरडं राहू नये म्हणून दोनदोनदा. वैजू हसत होती, तीही हसत होती. सगळे म्हणाले, चुलती असावी तर अशी.

दुपारी पंगत बसली. मी हट्टानं बुंदीचं ताट हातात घेतलं आणि वाढत वाढत तिच्यापर्यंत आले. तिच्या पानात भात होता, आमटी होती, सगळं होतं. सगळं दुसऱ्यांनी वाढलेलं. मी वाकले. मनात एक शब्द जुळवला होता, पंचवीस वर्षं जुळवत होते.

आक्कानं वर बघितलं नाही. पत्रावळीवर आडवा हात धरला आणि मी पुढच्या पानाकडं सरकेपर्यंत तो तसाच ठेवला.